चलनातले नाणे बदलते तेव्हा

१. दोन प्रश्न

चलनातल्या एखाद्या नाण्याचा छाप बदलला की दुकानाच्या गल्ल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो: बरे चाललेले नाणे सरकार बदलते कशाला? त्याच सुमारास नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळीत वेगळाच विषय निघालेला असतो, तो म्हणजे जुना छाप कोणत्या सालापर्यंत पडला आणि नवा छाप कोणत्या टाकसाळीतून बाहेर आला. पहिला प्रश्न नाणे खर्च करणाऱ्याचा आणि दुसरा नाणे राखून ठेवणाऱ्याचा, त्यामुळे संग्राहकांचे आक्षेप म्हणजे हौशी माणसांच्या बारीकसारीक कुरबुरी असा सर्वसाधारण समज आहे. हा समज योग्य नाही. २००४ ते २०१९ या पंधरा वर्षांत भारतीय नाण्यांचे रूप ज्या वेगाने बदलले, त्या बदलातील गुणदोष ओळखायचे असतील तर संग्राहक ज्या गोष्टींकडे पाहतो, म्हणजे धातू, वजन, व्यास, कड आणि सालाखालची खूण, त्याच गोष्टींकडे पाहावे लागते.

या विचारासाठी भंडारा जिल्हा सोयीचा आहे. वैनगंगेच्या काठचे पवनी हे प्राचीन नगर या जिल्ह्यात आहे, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळाशी आजच्या काळाची तुलना घरच्या घरी करता येते. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, म्हणून तांबे, जस्त आणि त्यांच्या मिश्रणाची भाषा इथल्या वाचकाला परकी नाही. आणि तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूरच्या बाजारांत एक, दोन आणि पाच रुपयांच्या चिल्लरीवर रोजची देवघेव होत असल्याने नाण्यातला प्रत्येक बदल अखेर इथल्या हातांवरच तपासला जातो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि रिझर्व्ह बँक ती फक्त वितरित करते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टाकसाळी आहेत. तेथून निघालेली नाणी रिझर्व्ह बँक बँकांमार्फत लोकांपर्यंत पोचवते, आणि विदर्भापुरते हे काम तिच्या नागपूर कार्यालयाकडे येते. छाप, आकार आणि धातू यांचा निर्णय सरकारचा असतो, त्यामुळे त्याबद्दलची तक्रार बँकेच्या खिडकीवर करून उपयोग नसतो.

२. छाप न बदलण्याची जुनी रीत

नाण्याचे रूप वारंवार बदलावे ही कल्पना तुलनेने अलीकडची आहे. पूर्वीच्या राज्यकर्त्यांचा कल नेमका उलट होता. नाणे ओळखीचे दिसले तरच सावकार, व्यापारी आणि शेतकरी ते न तपासता घेतील, हे त्यांना ठाऊक होते.

पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले आणि तिथले बौद्ध स्तूप प्रकाशात आले. हा सगळा प्रदेश एके काळी सातवाहनांच्या प्रभावाखाली होता. सातवाहनांच्या नाण्यांचा विदर्भातला सर्वांत बोलका साठा मात्र पश्चिमेला, आजच्या वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा या गावी १९३९ मध्ये सापडला. त्यात दीड हजारांहून अधिक नाणी होती. ती पोटीन धातूची होती, म्हणजे तांब्यात शिसे आणि कथील मिसळून केलेल्या हलक्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि त्याच्याभोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा आणि त्यांच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ, अशी त्यांची घडण होती. या दुसऱ्या चिन्हाला अभ्यासक उज्जैन चिन्ह म्हणतात.

या साठ्याचे महत्त्व असे की एकामागून एक राजे आले तरी हत्ती तोच राहिला, चिन्हही तेच राहिले, आणि बदलले ते फक्त नाव. अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी ही नाणी वाचली तेव्हा पुलुमावी आणि यज्ञ सातकर्णी या परिचित नावांबरोबर कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी अशी नावेही समोर आली, जी पुराणांतल्या वंशावळींत आढळत नाहीत. एखादा राजा होऊन गेला हे केवळ हत्तीभोवतीच्या चार-सहा अक्षरांमुळे कळावे, ही गोष्ट संग्राहकाच्या वृत्तीचे मूळ समजण्यास पुरेशी आहे. ज्याला दूरवरून सगळी नाणी सारखीच दिसतात त्याला इतिहासातले हे राजे दिसत नाहीत, आणि जो एकेका अक्षरासाठी डोळे ताणतो त्याच्या हाती ते लागतात.

शिवराईचा दाखला त्याहून जवळचा आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे धारण करणारे तांब्याचे हे नाणे शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या टाकसाळींतून, एकोणिसाव्या शतकापर्यंत, जवळजवळ त्याच मजकुराने पडत राहिले. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या प्रकाराला संग्राहक ‘दुदांडी’ म्हणतात. अशी नावे राजदरबाराने दिलेली नव्हेत, बारकाईने पाहणाऱ्यांनी दिलेली आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात भंडारा होता तेव्हाही त्यांच्या रुपयावर दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव राहिले. सत्ता मराठ्यांची होती, परंतु बाजाराला ओळखीचा असलेला मजकूर बदलून रुपयाची पत धोक्यात घालण्याची गरज त्यांना वाटली नाही.

३. १९५७: राज्यही नवे, पैसाही नवा

आधुनिक काळात भंडाऱ्याच्या माणसाने अनुभवलेला सर्वांत मोठा नाणेबदल १९५७ चा होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब होता. आता रुपयाचे शंभर भाग झाले आणि प्रत्येक भागाला ‘नया पैसा’ म्हटले गेले. नाण्यावर ‘रुपये का सौवां भाग’ असे लिहिलेही होते, कारण लोकांना नवा हिशेब नाण्यानेच शिकवायचा होता.

अडचण भागाकाराची होती. शंभराला सोळाने भागले की सव्वासहा येतात, आणि सव्वासहा नये पैसे देता येत नाहीत. म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नये पैसे धरले. एखाद्याने एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर त्याने १८ नये पैसे द्यायचे, आणि तीन आण्यांची एकच वस्तू घेतली तर १९. एका पैशाचा हा फरक लहान दिसतो, पण बदलत्या नाण्याबद्दलचा अविश्वास असल्याच फरकांतून वाढतो. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. आज संग्राहक ‘नया पैसा’ लिहिलेल्या नाण्यांची मालिका स्वतंत्र मानतात, कारण तिचा आरंभ आणि शेवट दोन्ही ठरलेले आहेत. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

४. धातू का बदलतो

नाणे बदलण्याचे सर्वांत सबळ कारण सौंदर्याचे नसते, धातूच्या भावाचे असते. १९९२ पासून चाललेले पाच रुपयांचे जाड, पांढरे नाणे ९ ग्रॅम वजनाचे होते आणि ते तांबे ७५ टक्के, निकेल २५ टक्के अशा मिश्रधातूचे होते. म्हणजे एका नाण्यात ६.७५ ग्रॅम तांबे आणि २.२५ ग्रॅम निकेल. समजा तांब्याचा भाव किलोला ४०० रुपये आणि निकेलचा १,५०० रुपये झाला, तर नाण्यातल्या तांब्याचे २ रुपये ७० पैसे आणि निकेलचे सुमारे ३ रुपये ३८ पैसे होतात. बेरीज सहा रुपयांच्या वर जाते. पाच रुपयांचे नाणे वितळवले की सहा रुपयांचा धातू मिळतो असे झाले, तर ते नाणे बाजारात टिकत नाही. नाणे वितळवणे हा कायद्याने गुन्हा आहे, पण लोभ कायद्याने पुरता आवरत नाही, म्हणून सरकारला स्वस्त धातूकडे वळावे लागते.

त्याप्रमाणे २००७ मध्ये पाच रुपयांचे नाणे पोलादी झाले. व्यास २३ मिलिमीटर तोच राहिला, वजन मात्र ९ वरून ६ ग्रॅमवर आले. हे पोलाद म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. ते गंजत नाही आणि चुंबकाला चिकटते. दोन रुपयांचे जुने अकरा कोनांचे नाणे आणि त्यानंतरचे गोल नाणे यांच्याजवळ साधे चुंबक नेले तर पहिले जागचे हलत नाही आणि दुसरे उचलले जाते, त्यावरून दोघांच्या धातूतला फरक शाळकरी मुलालाही पटतो. संग्राहकांना ही घसरण खटकली. जड नाण्यावर ठसा खोल उमटतो, त्याचा आवाज घणघणीत असतो आणि तळहाताला त्याचे वजन जाणवते. पोलाद कठीण असल्याने त्यावर नक्षी उथळ बसते. ही तक्रार खरी आहे, पण सहा रुपयांचा धातू पाच रुपयांना वाटत राहा असे कोणत्याही सरकारला सांगता येणार नाही.

पुढे पाच रुपयांचे नाणे निकेल-पितळेचे, पिवळसर झाले. २०१९ च्या मालिकेत आलेल्या वीस रुपयांच्या नाण्याचा मधला भागही निकेल-पितळेचाच आहे: तांबे ७५, जस्त २० आणि निकेल ५ टक्के. भंडाऱ्याच्या भांड्यांतले पितळ तांबे आणि जस्ताचेच, त्यात निकेलची थोडी भर घातली की हा नाण्याचा धातू होतो. त्याच्या भोवतीचे पांढरे कडे तांबे ६५, जस्त १५ आणि निकेल २० टक्के अशा मिश्रणाचे आहे.

५. दोन रेषांचा वाद

२००४ पासूनच्या सालांचा एक रुपया, त्यानंतर दोन रुपये आणि पुढे दहा रुपये यांवर ‘अनेकतेत एकता’ या कल्पनेचा नवा छाप आला. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दुहेरी रेषा आणि चार कोनांत चार ठिपके होते. चार मस्तके आणि एक देह असा त्याचा अर्थ रिझर्व्ह बँकेने सांगितला. परंतु अनेकांना त्यात ख्रिस्ती क्रूस दिसला. काही राजकीय नेत्यांनी आणि संघटनांनी आक्षेप घेतला, आणि नवव्या शतकातला फ्रँक सम्राट लुई द पायस याच्या नाण्यावर कोनांत ठिपके असलेला असाच क्रूस आहे, हे साम्यही पुढे आणले गेले. २००७ मध्ये हा छाप मागे पडून नृत्यातील हस्तमुद्रांची नवी मालिका आली: पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर उंचावलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे.

या वादात प्राचीन नाण्यांच्या अभ्यासकाजवळ सांगण्यासारखे बरेच होते. छेदणाऱ्या दोन रेषा आणि त्यांच्याशी जोडलेली चार वर्तुळे हे रूप या भूमीत ख्रिस्ती नाण्यांच्या कित्येक शतके आधीपासून वावरत होते. तऱ्हाळ्याच्या प्रत्येक नाण्याची एक बाजू त्याचाच पुरावा आहे. दोन्ही चिन्हे तंतोतंत सारखी नाहीत. उज्जैन चिन्हात वर्तुळे रेषांच्या टोकांना असतात आणि नव्या नाण्यात ठिपके रेषांच्या मधल्या कोनांत होते. तरीही इतका जुना वारसा हाताशी असताना नव्या छापाची ओळख करून देताना तो लोकांसमोर ठेवला गेला असता, तर चर्चेला अधिक भरीव आधार मिळाला असता. छाप निवडणाऱ्यांनी नाणेशास्त्राच्या जाणकारांना आधी विचारावे, हा धडा त्या प्रसंगातून घेण्यासारखा आहे.

दहा रुपयांच्या नाण्याबाबत आणखी एक गोष्ट संग्राहक आवर्जून सांगतात. त्यावर २००५ हे साल असले तरी ते प्रत्यक्ष चलनात २००९ मध्ये आले. नाण्यावरचे साल म्हणजे ते पाडल्याचे साल, लोकांच्या हाती पडल्याचे नव्हे, हा भेद इतिहास लिहिणाऱ्याने नेहमी लक्षात ठेवावा लागतो.

६. एकाच मापाची दोन नाणी

छापाचा वाद गाजला, पण खरी गैरसोय वेगळ्याच जागी होती आणि तिची चर्चा त्या मानाने कमी झाली. ती जागा म्हणजे व्यास आणि वजन.

१५ जुलै २०१० रोजी रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले गेले आणि २०११ पासून ते नाण्यांवर आले. त्याच वेळी नाणी लहान करण्यात आली. आधीचा पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ चे दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचेच आले, धातूही तोच. आधीचे पन्नास पैशांचे पोलादी नाणे २२ मिलिमीटरचे आणि ३.७९ ग्रॅमचे होते; २०११ चा रुपया जवळपास त्याच मापाचा आणि त्याच वजनाचा झाला. अंगठ्याच्या मुद्रेचा २००७ चा रुपया आणि २०११ चे दोन रुपये एकावर एक ठेवले तर कड कडेला नेमकी भिडते. डोळ्यांनी चिन्ह वाचल्याशिवाय कोणते नाणे कोणते हे सांगता येत नाही.

धानाच्या मुलखात हे समजावणे सोपे आहे. समजा गावात पायली आणि कुडवाची नवी मापे वाटली, पण जुनी मापे परत गोळा केली नाहीत, आणि नवी पायली नेमकी जुन्या कुडवाएवढी निघाली. अंधाऱ्या कोठारात हात घालून माप उचलणाऱ्याची फसगत ठरलेलीच. नाण्यांत हेच घडले, कारण २०११ ची नाणी आली तरी आधीची रद्द झाली नाहीत. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, परंतु पन्नास पैसे आणि त्यावरची सगळी जुनी नाणी कायदेशीर राहिली.

याचा सर्वाधिक त्रास दृष्टिहीनांना झाला. त्यांना छाप वाचता येत नाही, त्यांच्यापुरते नाणे म्हणजे व्यास, वजन, कड आणि आकार. नव्या नोटा आणि नाणी ओळखता येत नाहीत ही तक्रार घेऊन नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. ७ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते जी नवी मालिका आली, तिची घोषणाच दृष्टिहीनांना ओळखता येतील अशी नाणी म्हणून झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तिची रचना केली. तिच्यात किंमत वाढेल तसे वजन वाढते: रुपया २० मिलिमीटर आणि ३.०९ ग्रॅम, दोन रुपये २३ आणि ४.०७, पाच रुपये २५ आणि ६.७४, दहा रुपये २७ आणि ७.७४, वीस रुपये २७ आणि ८.५४. दहा आणि वीसचा व्यास एकच असला तरी वीसचे नाणे बारा बाजूंचे आहे, त्यामुळे बोट फिरवताच ते वेगळे कळते. त्यावर धान्याच्या लोंब्या कोरलेल्या आहेत, आणि शेतीवर उभ्या असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तो छाप उपरा वाटत नाही.

एकटी पाहिली तर ही मालिका गेल्या कित्येक दशकांतली सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे. तरी गल्ल्यात ती एकटी नसते. तिचे दोन रुपये २३ मिलिमीटरचे, आणि २०११ चे पाच रुपयेही २३ मिलिमीटरचे. तिचे पाच रुपये २५ मिलिमीटरचे, आणि २०११ चे दोन रुपयेही २५ मिलिमीटरचे. पाचचे नाणे पिवळे आणि दोनचे पांढरे असल्याने डोळसाचे निभावते. दृष्टिहीनाला वजनाच्या दीड-दोन ग्रॅमच्या फरकावर विसंबावे लागते.

दुसऱ्या देशांनाही ही ठेच लागली आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये सुसान अँथनी यांच्या मुखचित्राचे एक डॉलरचे नाणे निघाले. ते २६.५ मिलिमीटरचे होते आणि पाव डॉलरचे नाणे सुमारे २४.३ मिलिमीटरचे, दोन्ही पांढरी आणि दोन्हींची कड दातेरी. लोक एकाच्या जागी दुसरे देऊ लागले आणि नाणे नाकारले गेले. २००० मध्ये त्याच मापाचे नवे डॉलर नाणे काढताना रंग सोनेरी आणि कड गुळगुळीत केली गेली. ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला. २८ मार्च २०१७ रोजी बारा बाजूंचे नवे पौंड नाणे आणले आणि १५ ऑक्टोबर २०१७ रोजी जुने गोल नाणे चलनातून काढून टाकले. सात महिन्यांच्या आत दोन पिढ्यांचा सहवास संपला. भारतात नाण्यांची संख्या आणि खेड्यापाड्यांचा पसारा पाहता असे करणे अवघड आहे हे मान्य करावे लागेल. मग उरतो तो एकच उपाय: नव्या नाण्याचे माप ठरवताना ते आधीच्या कोणत्याही वेगळ्या किमतीच्या नाण्याशी जुळणार नाही हे तपासणे. जुन्या-नव्या नाण्यांची वजने आणि व्यास नोंदवून ठेवलेल्या कोणत्याही संग्राहकाने हा दोष पहिल्याच दिवशी दाखवून दिला असता.

७. संग्राहकांची तीन मते

संग्राहक एकमुखाने बोलत नाहीत, कारण सगळे एकच गोष्ट जमवत नाहीत. काही जण प्रकार जमवतात, म्हणजे प्रत्येक छापाचे एक नाणे. त्यांना नवा छाप हवाच असतो. काही जण विषय जमवतात: संत, राष्ट्रपुरुष, संस्था. त्यांचे लक्ष स्मारक नाण्यांकडे असते, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांकडे. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये ही मराठी घरांत जपली जाणारी नाणी आहेत. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० मध्ये काढलेला रुपया आणि २०१५ मध्ये १२५ व्या जयंतीनिमित्त काढलेले दहा रुपये हेही त्यांतलेच. असे नाणे खर्च करण्यापेक्षा देव्हाऱ्यात किंवा तसबिरीपाशी ठेवावे असे वाटणाऱ्याला कोणी संग्राहक म्हणत नाही, पण तो असतो.

तिसरा वर्ग साल आणि टाकसाळ जमवणाऱ्यांचा, आणि नाणेबदलाची खरी झळ व खरा आनंद त्याच्याच वाट्याला येतो. नाण्यावरच्या सालाखाली टाकसाळीची बारीक खूण असते: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची कोणतीच खूण नाही. समजा एक छाप २०११ ते २०१८ अशी आठ वर्षे चालला आणि चारही टाकसाळींनी दरवर्षी तो पाडला, तर पूर्ण संच ३२ नाण्यांचा होतो. प्रत्यक्षात प्रत्येक टाकसाळ दरवर्षी प्रत्येक नाणे पाडतेच असे नाही, आणि कोणते नाणे मुळात अस्तित्वात आहे हे शोधणे हाच या छंदाचा मोठा भाग असतो. छाप चालू असेतो संच अपुराच राहतो. सरकार नवा छाप आणते तेव्हा जुना संच बंद होतो आणि पहिल्यांदाच पूर्ण करता येण्याजोगा होतो. म्हणून हा संग्राहक जुना छाप गेल्याची हळहळ करतो आणि त्याच दिवशी उरलेली चार नाणी शोधायला निघतो. या दोन भावना परस्परविरोधी नाहीत.

२०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे बोधचिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची नाणी आली तेव्हा या वर्गापुढे नवी यादी उभी राहिली. इतक्या वेगाने नवे प्रकार निघाले की शाळकरी संग्राहकाला संच पुरा करणे कठीण जाते, ही तक्रार रास्त आहे.

८. दहा रुपयांचे नाणे आणि एक अफवा

छाप फार झाले की नुकसान कसे होते याचे उदाहरण दहा रुपयांच्या नाण्याने दिले. एका छापात किमतीच्या वर पंधरा किरणरेषा होत्या आणि रुपयाचे चिन्ह नव्हते. २०११ नंतरच्या छापात दहा रेषा आणि चिन्ह होते. पंधरा रेषांचे नाणे खोटे, अशी अफवा देशाच्या अनेक भागांत पसरली आणि दुकानदार ते नाकारू लागले. रिझर्व्ह बँकेला नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा १७ जानेवारी २०१८ रोजी निवेदन काढून सांगावे लागले की तोवर आलेले दहा रुपयांचे चौदाही छाप कायदेशीर आहेत. या चौदांची यादी अनेक संग्राहकांना तोंडपाठ असते. गावातल्या अशा एखाद्या माणसाचा अल्बम दुकानदारांना दाखवला गेला असता तर त्या गावापुरती अफवा दुपारपर्यंत विरली असती. स्थानिक बँकांनी आणि शाळांनी या मंडळींची मदत आजही घ्यावी.

९. घरातली चिल्लर

छाप बदलला की जुने नाणे महाग होईल का, हा शेवटचा प्रश्न. बहुतेक वेळा नाही. चलनी नाणी प्रचंड संख्येने पडतात. विरळा ठरते ते एखाद्या विशिष्ट साल-टाकसाळीचे, न वापरलेल्या अवस्थेतले किंवा ठसा चुकलेले नाणे. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. जुनी नाणी आणि नोटा विकून देण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागितले जाते, आणि बँकेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, असा इशारा तिने ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेला आहे.

ज्याला हा विषय खरोखर समजून घ्यायचा असेल त्याने घरातली चिल्लर एका ताटात ओतून २००४ पूर्वीची, २००४ ते २०१०, २०११ ते २०१८ आणि त्यानंतरची असे चार ढीग करावेत, प्रत्येकातले बरे दिसणारे एकेक नाणे बाजूला काढावे आणि साल व टाकसाळीची खूण वहीत लिहावी. भंडाऱ्यातल्या घरी पितळेचे भांडे चिंच लावून लखलखीत करण्याची सवय असते. नाण्याला मात्र चिंच, राख किंवा पावडर लावू नये, कारण घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत दर्शनी किमतीवर येते. पुढचे पाहायचे असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय जवळ आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे. ढीग करताना पन्नास पैशांचे नाणे हाती लागले तर ते बाद समजून टाकून देऊ नये: ते आजही कायदेशीर चलन आहे आणि दहा रुपयांपर्यंतचे देणे त्यात फेडता येते.